मामंजी जिन्यानं यायचे

सासरे येताहेत असं कळलं की सुनेनं उठून उभं राहायचं, हा आमच्या घरचा नियम होता. येताहेत हे कळावं म्हणून मामंजी सोप्याच्या अलीकडेच घसा खाकरायचे. तो खोकला ऐकला की घरातल्या बायका हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या, पदर डोक्यावर घ्यायच्या. सासऱ्यांसमोर बसायचं नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचंही नाही. काही सांगायचंच असलं तर सासूबाईंना सांगायचं, मग त्या ते पोचवायच्या. आमचं गाव पाटणच्या बाजूला. घरात भात आणि थोडा ऊस, आणि प्रत्येक पिढीतला एक तरी मुलगा पलटणीत. मी मात्र सांगलीची, अकरावीपर्यंत शिकलेली आणि तोंडाची फटकळ. सुरुवातीला मला या उठण्याबसण्याचं हसू यायचं. जावेला म्हणायचे, आपण काय कवायतीला आलोय का? पण वर्षभरात ते इतकं अंगवळणी पडलं की खोकला ऐकला की आधी पाय उठायचे आणि मग मी.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात मी कडब्याच्या गंजीवरून पडले. वर चढून पेंढ्या खाली टाकत होते. पायाखालचा थर सरकला आणि पाठ खाली आडव्या पडलेल्या नांगरावर आपटली. कराडला नेलं, तिथून मिरजेला. मणक्यातली नस तुटली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. कमरेखालचं माझं अंग काढून घेऊन तिथं दुसऱ्याच कुणाचं तरी ठेवून दिलंय, असं मला वाटायचं. ते मला दिसायचं, पण माझं ऐकायचं नाही.

दवाखान्यात मला पहिल्यांदा चाकांच्या खुर्चीत बसवलं, नेमके त्याच दिवशी मामंजी आणि सासूबाई भेटायला आले. वॉर्डाच्या बाहेर खोकला ऐकू आला आणि मी उठायला गेले. म्हणजे हातांनी खुर्चीचे दांडे धरले, मान वर झाली, खांदे वर झाले, आणि बाकीची मी तिथंच राहिले. मामंजी दारात उभे होते. मी पदर पुढं ओढला आणि मांडीकडे बघत बसले. बायकांचा भरलेला वॉर्ड, आणि सगळ्यांच्या देखत मी सासऱ्यांसमोर खुर्चीत बसलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामंजी स्टुलावर बसले नाहीत की माझ्याकडे वळलेही नाहीत. भेटीचा सगळा वेळ ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि मग एसटी चुकेल म्हणून निघून गेले.

वॉर्ड तळमजल्यावर होता आणि व्यायामाची खोली सगळ्यात वर. त्यामुळे रोज लिफ्टनं जाणं आलं. दोन जाळीची दारं, ओढली की खडखड वाजणारी, आणि आत स्टुलावर बसलेला लिफ्टमन. त्याआधी मी लिफ्ट कधी पाहिली नव्हती, पण खरं सांगायचं तर ती मला आवडली होती. जिन्यावरून न्यायचं म्हणजे मला गाठोड्यासारखं उचलायला माणसं लागायची. त्यापेक्षा ती आख्खी खोलीच माझ्यासकट वर जायची, हे कितीतरी बरं. माझी अडचण लिफ्टमधल्या माणसांची होती.

माणसं वाईट नव्हती हो. उलट मदतीला टपलेलीच असायची. जाळी उघडली की कुणीही मागून खुर्ची धरायचं आणि आत ढकलायचं. मला वर जायचं आहे की मी नुसतीच तिथं थांबले आहे, हे विचारायची गरज कुणाला वाटायची नाही. एकदा मी व्हरांड्यात जरा हवा खात बसले होते, तर एका भल्या गृहस्थांनी मला लिफ्टमध्ये घातलं. मी वर जाऊन, फिरून, परत खाली आले, आणि वर त्यांचे आभारही मानले. आत ढकलताना माझं तोंड भिंतीकडेच राहायचं, म्हणून सगळी वाट भिंतीचा उडालेला रंग बघत जायचं. मागं कोण उभं आहे, कोण माझ्याबद्दल हळू आवाजात बोलतंय, ते दिसायचं नाही. गर्दी असली की माझी मांडी म्हणजे भिंतीतली फळी. जेवणाचा डबा, मोसंब्यांची पिशवी, एकदा तर कुणाचं तरी रांगतं पोर. काही विचारायचं झालं तर लोक बरोबरच्या आयाला विचारायचे, हिला कुठं न्यायचंय?

ज्या तोंडासाठी मी माहेरी आणि सासरीही प्रसिद्ध होते, ते तिथं उघडायचं नाही. खुर्चीच्या दांड्याला माझी लघवीची बाटली टांगलेली असायची. रबरी नळी साडीखालून यायची. वरून मी टॉवेल टाकून घ्यायचे, पण लिफ्टमध्ये कुणाचा धक्का लागला की तो सरकायचा, आणि ज्याला दिसायचं तो घाईघाईनं दुसरीकडे बघायचा. त्या घाईनंच मला जास्त लाज वाटायची. जिची बाटली लोकांना दिसली, तिनं दुसऱ्याला काय सुनावायचं?

व्यायाम घेणारी सिस्टर केरळची होती. तिचं मराठी मोडकं, पण आवाज खणखणीत. एक दिवस तिनं लिफ्टच्या दारातच सगळ्यांना दम भरला. खुर्चीला हात लावायच्या आधी खुर्चीतल्या माणसाला विचारायचं. खुर्ची उलटी आत घ्यायची, म्हणजे तोंड दाराकडे राहतं. आणि खुर्ची आधी आत जाणार, धडधाकट माणसं मागून. काही दिवस लोकांनी ऐकलं, मग नवे नातेवाईक आले आणि परत तेच सुरू झालं.

मामंजी आठवड्याला यायचे, पण एकदाही माझ्याबरोबर लिफ्टमध्ये चढले नाहीत. सासूबाई यायच्या, जीव मुठीत धरून, माझ्या खुर्चीला घट्ट धरून. मामंजी आम्हाला लिफ्टच्या दारापर्यंत सोडायचे आणि पाठ फिरवून जिन्याकडे जायचे. त्यांना दमा होता. आम्ही वर पोचून बराच वेळ झाला की ते भिंतीला धरत, धापा टाकत यायचे. बोलण्याइतका श्वास परत येईपर्यंत खाली जायची वेळ व्हायची, आणि जातानाही पुन्हा जिना. सिस्टर त्यांना रागवायची. ते नुसती मान हलवायचे.

याचा अर्थ मी माझ्या परीनं लावून ठेवला होता. घरात तोवर माझ्याविषयी बोलणं सुरू झालं होतं. सासूबाईंचे भाऊ एकदा माझ्या खाटेशी बसून सरळच म्हणाले होते, की पोरीला तिच्या भावाकडं ठेवावी, तिला काही कमी पडू देऊ नये, पण पोराचं वय ते काय, त्याचं दुसरं बघायला पाहिजे. सासूबाई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. माझे यजमान सीमेवर होते. ते रजा काढून येऊन गेले, माझा हात धरून बसले, आणि जाताना म्हणाले, आबा ठरवतील. मला त्यांचा संताप आला, पण ते खोटं बोलत नव्हते. बैल कुठला घ्यायचा इथपासून सगळं मामंजीच ठरवायचे.

माझा भाऊ सांगलीला एका चाळीत वरच्या मजल्यावर राहायचा. दोन खोल्या, आणि वर जायला अरुंद लाकडी जिना. भाऊ मायाळू होता, वहिनीही काही वाईट नव्हती. पण तिथं मला एकदा वर नेऊन ठेवलं की मी परत कधी खाली उतरणार नाही, हे मला स्वच्छ कळत होतं. सासरचं घर बैठं होतं. पुढं अंगण होतं, गोठा होता, येणारीजाणारी माणसं होती. मला सासरी जायचं होतं. आणि मामंजींना तर लिफ्टमध्ये माझ्याशेजारी घटकाभर उभं राहणंही नको होतं. तेवढंही ज्यांना सोसत नाही, ते मला जन्मभर घरात कशाला ठेवून घेतील? रोज व्यायामाच्या खोलीत हातांनी दांडीला लोंबकळताना मी हाच विचार करायचे.

पावसाळ्याच्या अखेरीस डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून घेतलं. आता इथं ठेवून काही उपयोग नाही, पुढं कुठं न्यायचं ते ठरवा, असा निरोप होता. मामंजी एकटेच आले. म्हैस व्यायला टेकली होती म्हणून सासूबाईंना घर सोडता आलं नव्हतं. आमच्यामध्ये बोलणं पोचवणारं आज कुणीच नव्हतं. हवा कोंदलेली होती आणि मामंजींची छाती लांबूनही वाजताना ऐकू येत होती. डॉक्टर बसायचे वरच, व्यायामाच्या खोलीशेजारी. मामंजी नेहमीसारखे जिन्याकडे वळले, तशी सिस्टरनं त्यांचा दंडच धरला. आज जिना चढलात तर तुम्हालाही इथं खाट द्यावी लागेल, असं तिनं आपल्या मराठीत त्यांना बजावलं.

मला उलटं आत घेतलेलं होतं, त्यामुळे मी दाराकडे तोंड करून होते. आत आणखी दोघं-तिघं उभे होते. मामंजी जाळीच्या बाहेरच थांबले. लिफ्टमन खोळंबला. मामंजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. चाकाकडे बघत ते म्हणाले,

"पोरी, आत यिऊ का? तुला चालंल का?"

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. घरात त्यांनी कुठं यावं, कुठं जावं, याची परवानगी कुणी कुणाला देत नव्हतं. मी मान हलवली.

ते आत आले आणि सरळ खाली बसले. लिफ्टच्या लोखंडी तळावर, उकिडवे, माझ्या पायांच्या समोर. लिफ्टमन म्हणाला, आजोबा, उभे राहा, काही होत नाही. त्यावर ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. ती बसल्याली हाय, मी बी बसतो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या दिवशी खोकला ऐकून मी कशी धडपडले होते, ते त्यांनी दारातून पाहिलं होतं. ते समोर उभे असले की मला बसून राहण्याची लाज वाटते, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. म्हणून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते. लिफ्टमध्ये पाठ फिरवायलाही जागा नव्हती, म्हणून ते जिना चढायचे. माझी लाज राखायला तो दम्याचा माणूस आठवड्यामागून आठवडे सगळे मजले चढत होता.

हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. पण मला तेव्हा काही बरं वाटलं नाही. सून वर खुर्चीत आणि सासरे तिच्या पायांशी जमिनीवर, असं आमच्या भावकीत कुणी ऐकलंही नसेल. त्यात बाटली बरोबर त्यांच्या तोंडासमोर आली होती. मी टॉवेल सारखा करायला गेले तर तो आणखीच सरकला. धरणीनं पोटात घ्यावं म्हटलं, तर आम्ही धरणीपासून वर वर निघालो होतो.

वरच्या मजल्याशी लिफ्ट आचका देऊन थांबली, आणि माझा उजवा पाय उडाला. मला कळलं ते डोळ्यांनी. पाय पायटेकावरून सुटला, ताठ झाला, आणि मामंजींच्या डोक्याला लागला. त्यांचा पटका उडून जाळीशी पडला. आमच्याकडे मोठ्या माणसाला चुकून पाय लागला तर लगेच वाकून त्याच्या पायांना हात लावायचा, हे पोरासोरांनाही शिकवावं लागत नाही. मी सासऱ्यांच्या डोक्याला पाय लावला होता, चारचौघांत त्यांचा पटका पाडला होता, आणि मला वाकता येत नव्हतं. मी हात पुढं केला तो त्यांच्या खांद्यापर्यंतही पोचला नाही. शेजारची बाई म्हणाली, अगं बाई. मी रडायला लागले.

मामंजींनी पटक्याकडे पाहिलंही नाही. ते माझ्या पायाकडे बघत होते. पाय अजून थरथरत होता.

"हलला," ते म्हणाले. मग लिफ्टमनकडे वळून, मग त्या बाईकडे वळून, परत तेच. "पाय हलला तिचा. तुमी बगितलं न्हवं?"

लिफ्टमननं पटका उचलून त्यांच्या हातात दिला. सिस्टरनं माझा पाय जागेवर ठेवला, मला बाहेर व्हरांड्यातल्या बाकाशी नेलं आणि ती डॉक्टरांना सांगायला आत गेली. मामंजी बाकावर बसले, पटका मांडीवर तसाच. त्यांचं उघडं डोकं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पांढरे, विरळ केस होते. आणि ते माझ्याशी बोलत होते, थेट, माझ्या तोंडाकडे बघून. देवाला डोळे आहेत म्हणाले. आता इथं राहायचं नाही, घरी चल म्हणाले. पुढल्या सुगीला तूच भाकरी घेऊन रानात येशील, कोण काय बोलतंय ते बघतोच मी, असंही म्हणाले.

घरी चल. हे दोन शब्द ऐकायला मी महिनेच्या महिने कान टवकारून बसले होते. आता मी फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहणं तर नियमातच होतं, सासऱ्यांशी बोलायचंच नाही. पण ते झटके माझे नव्हते, आणि ते मला माहीत होतं. सिस्टरनं मला पूर्वीच समजावलं होतं, की पालीची तुटलेली शेपटी वळवळते तसंच ते आहे, त्यावर आशा धरू नकोस. दिवसातून कितीदा तरी पाय असा उडायचा. घरी गेल्यावर मामंजी रोज त्या पायाकडे बघत बसले असते. सुगी आली असती आणि गेली असती. आणि मी त्यांच्यासमोर बसलेली, खुर्चीत, त्यांना फसवून. ती लाज मला झेपली नसती. बाटलीची झेपत होती, तीही कशीबशी.

"मामंजी," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. "पाय मी नाही हलवला. तो आपोआप झटका घेतो, रोज घेतो. मला त्यात काही कळत नाही. मी आता चालणार नाही."

त्यांचा चेहरा मी पाहिला. तो पाहायला नको होता. मांडीवरचा पटका उचलून त्यांनी डोक्यावर बांधायला घेतला. एक वेढा सुटला, त्यांनी परत बांधला. तेवढ्यात आतून बोलावणं आलं आणि ते डॉक्टरांच्या खोलीत गेले.

मी बाकाशी एकटीच राहिले. खालच्या रस्त्यावरून टांगे जाताना ऐकू येत होते. मनानं मी भावाच्या जिन्यापर्यंत पोचले होते. मला कोण कोण उचलेल, भावाच्या शेजारच्या खोलीतले लोक दारात येऊन कसे बघतील, वहिनी माझी खाट कुठल्या भिंतीला लावेल. खरं बोलल्याचं समाधान वगैरे मला काही वाटत नव्हतं. म्हाताऱ्या माणसाच्या हातात पडलेला घास आपण काढून घेतला, एवढंच वाटत होतं.

मामंजी बाहेर आले. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारणं शक्यच नव्हतं. सिस्टरनं लिफ्ट बोलावली, मला उलटं आत घेतलं, आणि जाळी धरून उभी राहिली. आता मामंजी जिन्याकडे जातील असं मला वाटलं. ते आत आले आणि पुन्हा तिथंच खाली बसले. या खेपेला आत आमच्याशिवाय लिफ्टमन आणि सिस्टर, एवढेच होते.

लिफ्ट हलली तसा पाय पुन्हा घसरला. उडाला नाही, नुसताच खाली लोंबला आणि टाच लोखंडावर घासायला लागली. सिस्टर वाकली, पण मामंजींनी तिला हातानं थांबवलं. त्यांनी आपला हात माझ्या पायाकडे नेला आणि मध्येच थांबवला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"ह्यो कसा धरायचा? टाचंला का पोटरीला? तू सांग. घरी काय ही शिस्टर यायची न्हाई."

घरी, असं ते म्हणाले होते. मला ते ऐकू आलं आणि कळलंही. पण त्या क्षणी मला दुसरंच काहीतरी दिसत होतं. ज्यांच्या पायांना मी सणावाराला हात लावायचे, ते माझ्या पायाला हात लावायची माझी परवानगी मागत होते, आणि मला ती द्यायची होती. लिफ्टमन स्टुलावर बसून छताकडे बघत होता.

"एक हात टाचेखाली," मी म्हणाले. "दुसरा गुडघ्याच्या मागं. सावकाश."

त्यांनी तसंच केलं. शेतात राबून चिरा पडलेले हात, त्यातला एक माझ्या टाचेखाली, एक गुडघ्यामागं. पाय नीट बसला का, म्हणून त्यांनी परत विचारलं. जरा आत घ्या, मी म्हणाले. त्यांनी जरा आत घेतला. पाय त्यांच्या हातात होता आणि मला तो कळत नव्हता. नुसता दिसत होता, आणि मला तिकडे बघवत नव्हतं.